संशोधनावर नाव कोणाचे?

रब्बी ज्वारीचा ‘मालदांडी ३५-१’ हा वाण १९३०च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडण्यात आला. संशोधक त्याला ‘एम ३५-१’ म्हणतात. शेतकरी नुसते मालदांडी म्हणतात. त्यानंतर रब्बी ज्वारीचे अनेक वाण आले. तरी नव्या वाणाची चाचणी घेताना तुलनेसाठी आजही शेजारच्या वाफ्यात मालदांडी पेरतात आणि तिच्याशी ताडूनच नव्याचे मोल ठरवतात. इतके टिकलेले काम कोणी केले, हे मात्र वाणाच्या नावावरून कळत नाही. पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले वसुधा’, ‘फुले रेवती’, ‘फुले सुचित्रा’ असे वाण दिले. त्यांच्याही नावात विद्यापीठ दिसते, पैदासकार दिसत नाही. वाणाला हे चालून जाते. शोधनिबंधाला चालत नाही, कारण त्यावर माणसांची नावे छापावीच लागतात. ती कोणाची आणि कोणत्या क्रमाने, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

निवड पद्धतीने वाण कसा निघतो, हे आधी पाहिले तर प्रश्नाची गुंतागुंत ध्यानात येते. शेतकऱ्याच्या रानातली ज्वारी एकसारखी नसते. एखादे ताट उंच, एखादे बुटके. एका कणसाचे दाणे टपोरे आणि मोत्यासारखे, दुसऱ्याचे बारीक. अशा रानांतून नजरेत भरलेली कणसे वेगवेगळी काढायची, पुढच्या रब्बीला एका कणसाची एक ओळ अशी पेरायची आणि ओळी ताडून पाहायच्या. कोणत्या ओळीला खोडमाशी कमी लागली, कोणती ओळ ओल तुटल्यावर खडखड्या रोगाने लोळली, कडबा किती निघाला, दाण्याला चमक कशी आली, याची नोंद करायची. वाईट ओळी टाकायच्या, चांगल्या पुन्हा पेरायच्या. हे कित्येक हंगाम चालते. उरलेल्या थोड्या ओळींच्या चाचण्या मग निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या खोलीच्या जमिनींत घेतात.

या कामात किती हात लागतात? पिढ्यान्‌पिढ्या बी राखणारे शेतकरी त्यात आहेत. ओळीची चिठ्ठी दुसऱ्या ओळीच्या पेंढीत जाऊ न देता ज्वारी उपटणाऱ्या आणि बांधणाऱ्या मजूर बायका आहेत. उन्हात उभे राहून फिल्ड बुक भरणारा संशोधन सहायक आहे. कोणती ओळ ठेवायची हे ठरवणारा पैदासकार आहे, आकडेवारी तपासणारा संख्याशास्त्रज्ञ आहे, जमीन आणि पैसा मिळवून देणारा केंद्रप्रमुख आहे. यांतल्या एकालाही वगळले तर वाण निघणार नाही. पण निबंध लिहिताना सगळ्यांची नावे लेखक म्हणून घालता येत नाहीत, आणि एकाच माणसाचे घातले तर ते खोटे ठरते.

महाराष्ट्रात हा पेच जुनाच आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य आणि पुढे मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक झालेले डॉ. हॅरल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी केली. दख्खनच्या एका खेड्यातील जमीन आणि श्रम यांचा तो अभ्यास १९१७ साली पुस्तकरूपाने आला. मुखपृष्ठावर लेखक म्हणून मॅन यांचे नाव असून सहकार्याबद्दल डी. एल. सहस्रबुद्धे, एन. व्ही. कानिटकर, व्ही. ए. ताम्हणे ‘आणि इतर’ असा उल्लेख आहे. याच मालेतला दुसरा अभ्यास जातेगाव बुद्रुकचा. तो १९२१ मध्ये निघाला आणि त्यावर मॅन व कानिटकर अशी दोन नावे बरोबरीने छापली गेली. पहिल्या पुस्तकात सहकारी असलेला माणूस चार वर्षांनी सहलेखक झाला. गोरा साहेब आणि त्याच्या हाताखालचा देशी अधिकारी यांच्यातले त्या काळचे अंतर लक्षात घेता ही साधी गोष्ट नव्हे. पुढे कानिटकरांनी कोरडवाहू शेतीच्या संशोधनात आयुष्य घातले. १९३३ पासून सोलापूरला कोरडवाहू संशोधनाचे केंद्र चालू झाले आणि तिथले निष्कर्ष त्याच प्रवाहातले आहेत. भारतातील कोरडवाहू शेतीवरचा त्यांचा ग्रंथ १९४४ साली त्यांच्या एकट्याच्या नावावर आला. १९६०च्या आवृत्तीवर कानिटकर, सिरूर आणि गोखले अशी तीन नावे आहेत. पहिल्या पुस्तकातले ‘इतर’ कोण होते, हे मुखपृष्ठ सांगत नाही. पिंपळे सौदागरच्या शेतांतून मोजमाप करत आणि घरोघर कर्जाची विचारपूस करत कोणीतरी हिंडले असणारच.

नाव कोणाचे हे ठरवण्याआधी नाव कशासाठी, हे ठरवावे लागते. शोधनिबंधावरच्या नावाला दोन अर्थ असतात. एक श्रेयाचा: हे काम या माणसांनी केले. दुसरा जबाबदारीचा: या निबंधातल्या विधानांबद्दल कोणी जाब विचारला तर ही माणसे उत्तर देतील. मेहनताना, आदर, उपकाराची फेड, बढतीची सोय हे नाव घालण्याचे नेहमीचे हेतू आहेत, पण या दोन अर्थांत ते कुठेच बसत नाहीत. निम्मी भांडणे इथेच उगवतात.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी यावर सर्वांत स्पष्ट नियम केला. १९७८ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात काही संपादक जमले. त्यातून त्यांची आंतरराष्ट्रीय समिती उभी राहिली. तिच्या आजच्या नियमाप्रमाणे लेखक होण्यासाठी चार अटी आहेत आणि चारही पाळाव्या लागतात. कामाची कल्पना, आखणी, माहितीचे संकलन, विश्लेषण किंवा अर्थ लावणे यांत भरीव वाटा हवा. निबंधाचा मसुदा लिहिण्यात किंवा त्यात विचारपूर्वक सुधारणा करण्यात भाग हवा. छापायला जाणाऱ्या अंतिम मजकुराला संमती हवी. आणि कामाच्या कोणत्याही भागाबद्दल शंका निघाली तर तिचा छडा लावण्याची जबाबदारी पत्करलेली हवी. ही चौथी अट २०१३ मध्ये आली. नुसता निधी मिळवणे, विभागाची सर्वसाधारण देखरेख करणे किंवा इंग्रजी सुधारून देणे एवढ्याने माणूस लेखक होत नाही. त्याची जागा ऋणनिर्देशात. २०२३ मध्ये समितीने लेखन करणाऱ्या संगणकप्रणालींनाही लेखकपद नाकारले, तेही याच तर्काने. यंत्र मजकूर तयार करील, पण त्याचा जाब देऊ शकणार नाही.

या नियमाला एक पुरवणी आहे आणि विभागांत ती सहसा कोणी वाचत नाही. ज्याने पहिली अट पुरी केली आहे, त्याला मसुदा वाचण्याची, सुधारण्याची आणि संमती देण्याची संधी दिलीच पाहिजे, असे ती सांगते. म्हणजे आधी मसुदा दाखवायचा नाही आणि मग ‘त्याने लेखनात भाग घेतला नाही, म्हणून तो लेखक नाही’ असे म्हणायचे, हे नियमात बसत नाही. विद्यार्थी आणि संशोधन सहायक यांची नावे गळतात ती बहुतेक याच वाटेने.

जबाबदारीची अट का हवी, याचे उदाहरण अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतले आहे. तिथल्या यान हेंड्रिक श्योन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने बनावट आकडेवारीवर निबंधामागून निबंध छापले. २००२ साली चौकशी समितीने त्यालाच दोषी ठरवले. त्याच्या सहलेखकांवर बनवाबनवीचा ठपका आला नाही. मग ज्यांची नावे त्या निबंधांवर होती, त्यांनी मूळ नोंदी कधी मागून पाहिल्या होत्या का, हा प्रश्न समितीलाही पडला. यशाच्या वेळी पुढे असणारे नाव चौकशीच्या वेळी मागे सरकते, हे आपल्याकडेही नवे नाही.

व्हँकुव्हरची कसोटी किती पुरते आणि कुठे अपुरी पडते, हे पाहायला गडचिरोली हे चांगले ठिकाण आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघर नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि तुलनेसाठी ४७ गावे घेतली. प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण दर हजारी ६२ वरून २५ वर आले. १९९९च्या डिसेंबरमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो निबंध आला आणि घरच्या घरी नवजात बालसेवा हा जगभर चर्चेचा विषय झाला. निबंधावर पाच लेखक आहेत. गावोगावच्या आरोग्यदूत स्त्रिया त्यांत नाहीत. बाळ जन्मले की त्या घरी पोचत, त्याचे वजन करीत, श्वास मोजत, तक्त्यात नोंद करीत. जंतुदोषाची लक्षणे त्याच ओळखत आणि जेंटामायसिनचे इंजेक्शनही त्याच देत. मृत्यू कमी झाले ते त्यांच्या हातून.

मग हा अन्याय म्हणायचा का? कसोटी काटेकोर लावली तर नाही. प्रयोगाची आखणी, तुलनेची गावे निवडणे, आकड्यांचे विश्लेषण आणि परीक्षकांच्या आक्षेपांना उत्तरे हे काम त्या स्त्रियांचे नव्हते, आणि इंग्रजी निबंधातल्या प्रत्येक विधानाचा जाब त्यांच्याकडे मागणे हीच एक क्रूर चेष्टा झाली असती. पण ‘माहिती गोळा केली’ एवढ्या तीन शब्दांत त्यांचे काम संपवणेही खरे नाही. आजारी बाळ ओळखणे हा निर्णय आहे, नुसती नोंद नव्हे. अशा ठिकाणी गटाचे नाव लेखकांच्या यादीत घालून त्यातल्या प्रत्येकीचे नाव निबंधाच्या शेवटी छापण्याची सोय आज बहुतेक नियतकालिके देतात. ती वापरायला पैसे लागत नाहीत, फक्त आठवण लागते.

बंग दांपत्याच्याच निबंधांत नावांच्या क्रमाचाही धडा मिळतो. ग्रामीण स्त्रियांच्या आजारांवरच्या १९८९च्या ‘लॅन्सेट’मधल्या निबंधात पहिले नाव डॉ. राणी बंग यांचे आहे. १९९९च्या नवजात बालकांवरच्या निबंधात डॉ. अभय बंग यांचे. एकाच घरात, एकाच संस्थेत क्रम कामाप्रमाणे बदलला. वैद्यक, जीवशास्त्र आणि शेती या शाखांत पहिले नाव मुख्य काम करणाऱ्याचे आणि शेवटचे बहुधा गटप्रमुखाचे, असा संकेत आहे. गणितात तसा नाही. तिथे आडनावांची वर्णमाला चालते. श्रीराम अभ्यंकर आणि त्यांचे सहकारी मोह यांनी १९७५ मध्ये सिद्ध केलेले प्रमेय ‘अभ्यंकर–मोह’ म्हणून ओळखले जाते, ते इंग्रजी अक्षरक्रमाने. अभ्यंकरांना हा क्रम नेहमीच सोयीचा होता. एखाद्या झेंड्यांनी गणिताकडे वळताना विचार करावा. गंमत सोडली तर मुद्दा गंभीर आहे: निवड समितीत गणितज्ञाचा अर्ज वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हातात पडला, की दुसरे नाव म्हणजे दुय्यम काम असा निकाल बसल्या जागी लागतो.

महाकाय प्रयोगांत हा संकेतही मोडतो. गुरुत्वीय लहरींच्या शोधाचा निबंध ११ फेब्रुवारी २०१६ रोजी आला, तेव्हा त्यावर हजाराहून अधिक नावे होती आणि पुण्याच्या ‘आयुका’तले शास्त्रज्ञही त्यांत होते. हा निबंध जगभर ‘ॲबट आणि इतर’ म्हणून उद्धृत होतो, कारण वर्णमालेत ॲबट पहिले. त्याच्या आदल्या वर्षी सर्नच्या दोन प्रयोगगटांनी मिळून हिग्ज कणाच्या वस्तुमानावर निबंध लिहिला. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यांतल्या एका गटात आहे. त्या निबंधावर ५,१५४ लेखक होते. एकूण ३३ पानांतली २४ पाने लेखक आणि त्यांच्या संस्था यांच्या यादीनेच भरली. यंत्र बांधणारा, ते राखणारा, संगणकाची आज्ञावली लिहिणारा अशा सर्वांना तिथे लेखक मानतात आणि गटाची लेखी नियमावली असते. अमुक काळ काम केले की नाव लागते, सोडल्यावर अमुक काळ टिकते. यात कोणी उपाशी राहत नाही हे खरे, पण एखाद्या विधानाचा जाब ५,१५४ जणांपैकी कोणाला विचारायचा, हे यादी सांगत नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहील, तेव्हा मराठवाड्यातल्या तंत्रज्ञांनाही हे प्रश्न पडतील.

आता आपल्या महाविद्यालयांकडे वळावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या निवड-बढतीसाठी शोधनिबंधाचे गुण ठरवून दिले आहेत. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला निबंधाच्या गुणांच्या ७० टक्के. दोनाहून अधिक असतील तर पहिल्या, मुख्य किंवा पत्रव्यवहाराच्या लेखकाला ७० टक्के आणि बाकी प्रत्येकाला ३० टक्के. हा हिशेब जरा मांडून पाहावा. एकट्याने लिहिले तर १०० टक्के गुण वाटले जातात. दोघांनी लिहिले तर ७० अधिक ७०, म्हणजे १४०. तिघांनी लिहिले तर ७०, ३० आणि ३०, म्हणजे १३०. चौघांचे १६०, पाचांचे १९०. तिसरे नाव आले की पहिल्याचे ७० तसेच राहतात. दुसऱ्याचे ७० वरून ३० होतात. त्यानंतर चौथे, पाचवे, सहावे नाव घातले तर कोणाचेच काही जात नाही.

म्हणजे फुकटचे नाव घालण्याची किंमत एकट्या दुसऱ्या लेखकाला मोजावी लागते, आणि नावांचा क्रम वर्णमालेने नसेल तेव्हा तो पुष्कळदा विद्यार्थी किंवा कनिष्ठ सहकारी असतो. साहेबांचे नाव, शेजारच्या विभागातल्या मित्राचे नाव, ‘पुढच्या पेपरात तू माझे घाल’ अशा बोलीवर घातलेले नाव, हे सगळे या गणितात बसते. उलट प्रकारही आहे: ज्याने खरोखर विश्लेषण करून मसुदा लिहिला त्याचे नावच नसते. औषध कंपन्यांसाठी पगारी लेखक निबंध लिहितात आणि नाव नामांकित डॉक्टरचे छापतात, हा प्रकार जगभर उघडकीला आला आहे. नियमावली करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे नाही. पण गुण वाढत जाणारी आणि बोजा एकावरच टाकणारी वाटणी ठेवून वर नीतीचे परिपत्रक काढणे म्हणजे पाटाला भगदाड ठेवून पाणी मोजण्यासारखे आहे.

या तुलनेत महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचे काम पाहण्याजोगे आहे. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावरचा त्यांचा निबंध १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, तो त्यांच्या एकट्याच्या नावावर. पुढच्या निबंधांवर डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचेही नाव येते. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेली प्राझोसिन आणि प्रतिविष यांची चाचणीही या दोघांचीच. मोठ्या संस्थेचे छत्र नसताना रोग्याच्या उशाशी बसून केलेल्या कामावर कोणा मोठ्या डॉक्टराचे नाव चढवावे लागले नाही. दोन नावे, आणि दोन्ही जाब देणारी.

पदवी नसलेल्या माणसाचा विचारच जेव्हा कामाचा गाभा असतो, तेव्हा हा प्रश्न सर्वांत अवघड होतो. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी. १९८३ च्या सुमारास ‘पटेल ३’ या धानाच्या शेतात त्यांना काही वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, दरवर्षी निवडून बी वाढवले. त्या बारीक, चवदार तांदळाला बाजारात त्या वेळच्या लोकप्रिय घड्याळावरून ‘एचएमटी’ नाव पडले. १९९४ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्राने त्यांच्याकडून बी नेले आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ हा वाण प्रसारित झाला. आपण बियाण्याचे शुद्धीकरण करून वाण सुधारला, अशी विद्यापीठाची बाजू होती. मूळ निवड आपली असून आपले नाव कुठेच नाही, ही खोब्रागड्यांची तक्रार होती. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा गौरव केला, तो राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

या प्रकरणात दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य असू शकते. शुद्धीकरण आणि बहुस्थानी चाचण्या हे खरे काम आहे. ते शेतकऱ्याला एकट्याने जमत नाही. पण वेगळी लोंबी ओळखणे, ती राखावी असे ठरवणे आणि हंगामामागून हंगाम तीच निवडत राहणे ही पैदासकाराचीच कृती आहे. संशोधन केंद्रावरचा पदवीधर हेच करतो, तेव्हा त्याला पहिला लेखक म्हणतात. व्हँकुव्हरच्या पहिल्या अटीने पाहिले तर कल्पनाही खोब्रागड्यांची आणि सामग्रीही त्यांची. नाव ऋणनिर्देशातसुद्धा नसणे कोणत्याही कसोटीला उतरत नाही.

इथे कायदा निबंधांच्या पुढे गेला आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा. वाण विकसित करणाऱ्या शेतकऱ्यालाही पैदासकाराप्रमाणेच नोंदणीचा हक्क तो देतो. वाणाच्या नोंदणीसाठी अर्ज करणाऱ्याने मूळ वाण कुठून आले आणि त्यात कोणा शेतकऱ्याचा किंवा गावसमूहाचा वाटा आहे का, हेही लिहून द्यावे लागते. स्थानिक वाणाचा उपयोग झाला असेल तर लाभात वाटा मागण्याची तरतूद आहे. भौगोलिक मानांकन ही आणखी एक वाट. मंगळवेढ्याच्या ज्वारीला ते २०१६ मध्ये मिळाले आणि त्यात व्यक्तीऐवजी प्रदेश आणि तिथले उत्पादक उभे आहेत. शोधनिबंधात मात्र ‘बियाणे स्थानिक शेतकऱ्यांकडून गोळा केले’ या एका वाक्यावर आजही भागते. गाव कोणते, शेतकरी कोण आणि तेच बी का राखले, हे विचारणारा रकाना नाही.

उपाय फारसे अवघड नाहीत. काही नियतकालिके आता प्रत्येक लेखकाने नेमके काय केले ते छापतात. त्यासाठी संकल्पना, पद्धत, आकडेवारी, प्रत्यक्ष तपास, निधी, पहिला मसुदा, पुनर्लेखन अशा १४ भूमिकांची यादी प्रमाण म्हणून स्वीकारली गेली आहे. पहिले नाव आणि शेवटचे नाव यांवरून अंदाज बांधण्यापेक्षा हे बरे. पण यादी निबंध छापताना भरली तर तीही भांडणाचे मैदान होते, कारण तोवर निकाल हाती आलेला असतो आणि प्रत्येकाला आपला वाटा मोठा आठवतो. चाचणीचा आराखडा ज्या दिवशी ठरतो त्याच दिवशी ती भरावी. काम बदलले तर यादीही तारीख घालून बदलावी. वाद निघालाच तर संपादकाने निवाडा करावा अशी अपेक्षा चूक आहे. कोणी किती काम केले हे त्याला दिसत नाही, म्हणून तो प्रकरण संस्थेकडेच धाडतो आणि संस्थेत निवाडा करणारे पुष्कळदा तेच विभागप्रमुख असतात. तेव्हा मोहोळपासून राहुरीपर्यंत आणि सोलापूरच्या महाविद्यालयांतही प्रत्येक प्रकल्पाच्या फाइलमध्ये पहिला कागद हाच असावा: कोण काय करणार, कोणाचे नाव कुठे आणि कोणाचा ऋणनिर्देश. त्यावर सर्वांच्या सह्या असाव्यात, आणि एक प्रत संशोधन सहायकाकडे व विद्यार्थ्याकडे राहावी.